माजी विद्यार्थी, आजी अध्यक्ष

शेवगावचा माणूस शेवगावात असतो तोवर त्याला कॉलेजची आठवण येत नाही. कॉलेजच्या फाटकासमोरून तो रोज मोटारसायकलवर जातो, आत बघत नाही, आणि चुकून बघितलेच तर धाकट्या पोराची फी भरायची राहिलीय हे आठवून गाडीचा वेग वाढवतो. हाच माणूस तिसगाव, करंजी घाट, नगर, सुपे, शिरूर असे टप्पे घेत पुण्यात पोचला, भाड्याच्या खोलीत जरा स्थिरावला, की वर्षभरात त्याचा ऊर भरून यायला लागतो. ज्या सरांच्या तासाला तो कधी बसला नाही त्यांचा फोटो कुणाकडे आहे का म्हणून विचारत फिरतो. ज्या कँटीनची उधारी बुडवून गाव सोडले, त्या कँटीनच्या वड्याची चव पुण्यात कशालाच नाही म्हणतो. आणि मग एका रविवारी, दुपारचे जेवण जरा जास्त झालेले असताना, त्याच्या तोंडून निघते, "आपली सगळी मंडळी एकत्र आली पाहिजेत राव."

मराठी माणूस हे वाक्य बोलला की पुढचे सगळे ठरलेले असते. घटना, लेटरहेड, गोल रबरी शिक्का आणि अध्यक्षपदावरून अबोला.

आमच्या माजी विद्यार्थी संघाला विभागीय शाखा काढायची कल्पना मात्र थेट अमेरिकेतून आली. आमच्या खजिनदारांचा भाचा टेक्सासात एमएस करतो. (खजिनदार ते नंतर झाले, तेव्हा नुसतेच मामा होते.) त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितले, "मामा, इकडं कॉलेजात पोरांची मंडळं असतात. त्यांना ग्रीक अक्षरांची नावं. आत घ्यायच्या आधी परीक्षा बघतात, हात मिळवायची सुद्धा खुणेची पद्धत असते. आणि शिक्षण संपलं तरी मंडळ सुटत नाही. गावोगाव त्यांचे रीजनल चॅप्टर असतात."

मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चॅप्टर आपल्याकडं काय कमी हायेत का?"

पण विचार डोक्यात बसला तो बसलाच. मीही जरा वाचून काढले. ग्रीक अक्षरांचे पहिले मंडळ, फाय बीटा कॅपा, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७६ सालच्या डिसेंबरात निघाले. म्हणजे जुलैत अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले आणि वर्ष संपायच्या आत, लढाई चालू असताना, पोरांनी मंडळ काढले. हे वाचून मला त्या राष्ट्राबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. माजी विद्यार्थ्यांचा त्या देशातला सगळ्यात जुना संघ मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचा, १८२१ सालचा. त्याची कथा तर नगर जिल्ह्यात घडावी अशी आहे. कॉलेजचे प्रमुखच काही विद्यार्थी बरोबर घेऊन ॲमहर्स्टला नवे कॉलेज चालवायला निघून गेले; जुने बंद पडते की काय अशी पाळी आली, तेव्हा तिथून शिकून गेलेले लोक कॉलेज वाचवायला जमले. त्याच १८२१ साली इकडे पुण्यात विश्रामबाग वाड्यात पाठशाळा सुरू झाली, तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. तो योगायोग राहू द्या. पण संस्थेतली माणसे फोडून शेजारी दुसरी संस्था काढणे म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता शेवगावात ग्रीक अक्षरे कुठली? अक्षरे नव्हती, डबे होते.

आमच्या वेळी तालुक्याच्या गावाला शिकायला आलेली खेड्यावरची पोरे खोली करून राहायची. एका खोलीत चौघे, एक स्टोव्ह, एक आरसा आणि सगळ्यांत मिळून एक बरी पँट. जेवण गावाकडून एसटीने यायचे. आई पहाटे उठून भाकरी थापायची, कालवण डब्यात, भाकरी फडक्यात, फडक्याच्या गाठीत हिरव्या मिरचीचा ठेचा. डब्यावर ऑइलपेंटने नाव आणि गाव रंगवलेले असे. बाप नाहीतर धाकटा भाऊ तो डबा पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवून द्यायचा. त्या झाकणावर वीस-पंचवीस डबे गावापासून शेवगावपर्यंत थडथडत यायचे. इंजिनाच्या उबेने कालवण गरम राही आणि त्याला डिझेलचा एक वास लागे. आजही आमच्यातल्या काही जणांना पंचतारांकित हॉटेलातली डाळ फिकी वाटते, ती त्या वासावाचून.

गाडी स्टँडवर लागली की झुंबड. बोधेगावची गाडी, चापडगावची गाडी, घोटणची, दहिगाव-नेची, भातकुडगावची. ज्याचा डबा त्याला मिळेलच असे नसे. एकदा एकाला डब्यात सांडगे आणि गूळशेंगदाणे मिळाले. त्याने खाल्ले, आणि संध्याकाळी डब्याच्या तळाशी 'मावशीला सांग, पेपर सोपा गेला तर फोन कर' अशी भलत्याच मुलाला लिहिलेली चिठ्ठी निघाली. पावसाळ्यात एखाद्या ओढ्याला पाणी आले, गाडी अडकली, की त्या रस्त्यावरची सगळीच्या सगळी पोरे उपाशी. मग घोटणच्या गाडीची पोरे बोधेगावच्या गाडीच्या पोरांना जेवायला बसवत. दुसऱ्या आठवड्यात उलटे होई. आत घ्यायच्या आधीची परीक्षा म्हणाल तर हीच: आपली शेवटची अर्धी भाकरी समोरच्याला देताना तोंड वाकडे होते का, ते बघायचे. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ साली झाला. आमच्या खोल्यांत त्याची गरज कधी पडली नाही, छळायला लागणारी ताकद डबा उशिरा आल्यामुळे कुणात उरतच नसे.

तेव्हा विभाग पाडायचेच तर ते एसटीने केव्हाच पाडून ठेवले होते, आणि आजही तीच पाडते, असे माझे ठाम मत आहे. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली ती नगर आणि पुणे यांच्यामध्ये. तेव्हापासून नगर जिल्ह्याचा माणूस पुण्यात ज्या रस्त्याने शिरतो त्याच रस्त्यावर उतरतो आणि जिथे उतरतो तिथेच घर घेतो. साताऱ्याचा कात्रज-धनकवडीत, सोलापूरचा हडपसरात, नाशिक रस्त्याने येणारा मोशी-भोसरीत आणि आमचा माणूस वाघोली, खराडी, चंदननगरात. पुढचे पुणे त्याला लग्नाच्या खरेदीपुरते लागते. शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले की गावाची गाडी मिळते, ही सोय ज्या फ्लॅटला आहे तो फ्लॅट पूर्वाभिमुख नसला तरी चालतो. तिकडे छत्रपती संभाजीनगरात बघा. आमची माणसे बिडकीन, चितेगाव, कांचनवाडी अशी पैठण रस्त्यालाच धरून राहतात, कारण गाडी पैठणवरून जाते.

हे सगळे मी पहिल्या बैठकीत मांडले. म्हटले, दोन शाखा पुरेत. एक नगर रोड शाखा, एक पैठण रोड शाखा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय घेतला. पुढचा विषय पदाधिकाऱ्यांचा होता.

इथे कायद्याचा भाग थोडा सांगितला पाहिजे. संस्था नोंदवायची तर १८६० सालचा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, असे दोन कायदे लागतात. पैकी १८६०चा कायदा इंग्रजांनी केला, आणि त्यात लिहिले की संस्था काढायला किमान सात माणसे पाहिजेत. इंग्रजाला वाटले असेल, सात माणसे जमवणे अवघड जाईल. सात माणसे आम्ही वडापावच्या गाडीवर जमवतो. अवघड पुढे आहे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार ही झाली पाच. उरलेले दोघे 'सदस्य'. आता हे दोघे कोण?

त्या बैठकीत दोन तास या दोघांचा शोध चालला. वाघोलीतल्या एका हॉटेलच्या फॅमिली विभागात आम्ही बसलो होतो. अध्यक्षपदासाठी तिघे इच्छुक होते, त्यात काही विशेष नाही. पण 'सदस्य' हा शब्द उच्चारला की जो तो पाण्याचा ग्लास तोंडाला लावून खिडकीबाहेर बघायला लागे. एक प्लॉटिंगवाले गृहस्थ म्हणाले, "मपलं काही नाही, पण गावाकडं पेपरात नाव येतं, सदस्य म्हणून आलं तर लोक म्हणतील, याचं पुण्यात काही चालत नाही वाटतं." त्यांना कार्याध्यक्ष केले. अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष यांच्यात फरक काय, असे एका भाबड्याने विचारले. महाराष्ट्रातल्या मोठमोठ्या पक्षांना जे सांगता आलेले नाही ते आम्ही मटकीच्या उसळीवर कसे सांगणार? दुसऱ्याला निमंत्रक केले. मग लक्षात आले की सदस्य एकही उरला नाही. वकील म्हणाला, घटनेत दोन दाखवावेच लागतील. तेव्हा जे दोघे त्या दिवशी गैरहजर होते त्यांची नावे एकमताने सदस्य म्हणून घालण्यात आली.

सात पदे आणि पंचेचाळीस इच्छुक हे गणित एका शाखेत सुटत नाही, म्हणून शाखा वाढतात. शाखांचे दुसरे कारण मला तरी आजवर दिसलेले नाही. पिंपरी-चिंचवडवाले उभे राहिले. त्यांचे म्हणणे, "आमची महापालिका १९८२ सालापासून वेगळी आहे, आम्ही पुणे शाखेखाली कसे काय?" त्यांना शाखा मिळाली. रांजणगाव-शिक्रापूरच्या कारखान्यांतली पोरे म्हणाली, आम्ही शिफ्टला असतो, रविवारच्या बैठकीला येता येत नाही, आम्हाला वेगळी. तीही दिली. वाघोलीवाल्यांनी आधीच 'पुणे ग्रामीण शाखा' नावाची पाटी रंगवून घेतली होती. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, हे त्यांना कुणीतरी आठवण करून दिले. आता ग्रामीण शाखेचे उपाध्यक्ष शहरात राहतात आणि पाटी गच्चीवर पत्र्याच्या जागी उपयोगी पडली आहे. संभाजीनगरवाले तर मुळातच नाराज होते. "तुम्ही नगरवरून फिरून पाच-पाच तास घालवता, आम्ही पैठणवरून दुपारच्या जेवणाला घरी असतो, तरी मुख्य विभागीय शाखा पुण्यात का?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. मग त्यांच्या शाखेला 'मराठवाडा विभाग' असे भव्य नाव देऊन त्यांना शांत केले. मराठवाडा विभागात त्या दिवशी अकरा माणसे होती.

मुंबईच्या मंडळींनी काही मागितले नाही. मुंबईत गेलेला माणूस लोकलला लटकण्यात इतका गुंतलेला असतो की त्याला अध्यक्ष करायलाही स्टेशनवर गाठावे लागते.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात. कुणी कुठे चालायचे ते ठरलेले, शेकडो मैलांवरून माणसे येतात आणि आपापल्या जागी उभी राहतात. शेजारच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आमच्या तालुक्यातून नाथषष्ठीला पैठणला दिंड्या जातात, म्हणजे हे सगळे आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत. तरी विभागीय शाखांच्या फलकावर कुणाचे नाव आधी छापायचे यावरून छापखान्यात प्रूफ तीनदा परत गेले.

छापखान्याची गोष्ट निघालीच आहे तर लेटरहेडचेही सांगतो. पहिले लेटरहेड छापले त्यावर 'पुणे विद्यापीठाशी संलग्न' असे होते. १९४९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. गठ्ठा बाजूला ठेवला. दुसरे छापले. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, मराठवाडा विभागाचा पत्ता बदलला. तिसरे छापले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. आता शिक्केही बदलले. कोऱ्या पाठीच्या लेटरहेडांचे तीन गठ्ठे खजिनदारांच्या माळ्यावर आहेत. त्यांच्या नातवाचे पाढे आणि संघाचे सगळे हिशेब त्यावरच होतात. ऑडिटरने एकदा वार्षिक हिशेबाच्या मागे 'सोळा नव्वे चव्वेचाळासे' वाचून स्पष्टीकरण मागितले. उत्तर असे होते की नातू दुसरीत आहे.

नोंदणी झाली म्हणजे सुटलो असेही नाही. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आमचे पदाधिकारी नव्वद दिवस टिकत नाहीत. एका बदल अर्जाची सुनावणी लागते तोवर त्यातला सचिव राजीनामा देऊन, रुसून, समजूत काढून घेऊन परत सचिव झालेला असतो.

याहून नाजूक प्रश्न म्हणजे माजी विद्यार्थी कुणाला म्हणायचे? पदवी घेऊन बाहेर पडला तो, असे मास्तर मंडळींचे म्हणणे. पण तसे केले तर तालुक्यातले निम्मे कर्तबगार लोक बाहेर जातात. जो एफवायला तीन वर्षे बसला आणि मग गुत्तेदार झाला, त्याने कॉलेजात पदवीधराइतकीच वर्षे काढली की नाही? उलट तो रोज यायचा. गणेशोत्सवात, गॅदरिंगमध्ये, निवडणुकीत पुढे तोच. आणि आज वर्गणीचे पहिले दहा हजार तोच देणार. शेवटी घटनेत 'ज्याने महाविद्यालयात प्रवेश घेतला असा' अशी शब्दयोजना करण्यात आली. त्यावरही एकजण उठून म्हणाला, "म्या प्रवेश नव्हता घेतला, पण तीन वर्षं होस्टेलवर ऱ्हायलोय. त्याचं काय?" त्याला विशेष निमंत्रित केले. खरे सांगायचे तर त्याच्याइतकी कॉलेजची माहिती आमच्यात कुणालाच नाही.

एवढी वर्षे आम्हाला ओळख न दाखवणाऱ्या कॉलेजने याच सुमारास अचानक फोन करून चहाला बोलावले. आम्ही भारावलो. चहा झाल्यावर कळले की नॅक येणार आहे. बंगळूरूची ही राष्ट्रीय परिषद १९९४ साली स्थापन झाली, ती तेव्हा कॉलेजांना श्रेणी देत असे. तिचे सात निकष असत, त्यातल्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग विचारला जाई: संघ आहे का, नोंदणीकृत आहे का, त्याने काय हातभार लावला. महाराष्ट्रातल्या किती कॉलेजांना आपल्या माजी विद्यार्थ्यांची माया या पाचव्या निकषापासून फुटली याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

समिती आली त्या दिवशी आम्हाला सकाळी आठला, ब्लेझर असल्यास ब्लेझर घालून, बोलावले होते. शेवगावात एप्रिलमध्ये ब्लेझर घालणारा माणूस एकतर नवरदेव असतो किंवा बँडवाला. आमच्यातल्या तिघांनी तो बँडवाल्याकडूनच आणला होता. एकाच्या खांद्यावर सोनेरी झालर राहिली होती, ती त्याने फाइलने झाकली. गर्दी कमी पडू नये म्हणून दुसऱ्या कॉलेजातून शिकलेले दोन मेहुणेही बसवले होते. समितीतल्या मोठ्या बाईंनी हिंदीतून विचारले, कॉलेजने आपल्याला काय दिले? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मेहुण्यांपैकी एक उठून म्हणाला, "आत्मविश्वास." त्यालाच टाळ्या पडल्या.

या सगळ्या गोंधळात माजी विद्यार्थिनींचे काय, असे विचारणारी एक तरी वाचक निघेल, म्हणून सांगतो. आमच्या यादीत त्यांची माहेरची नावे होती, आणि त्या सासरच्या नावाने जगात पसरल्या होत्या. कुणी गेवराईला, कुणी पैठणला, कुणी पाथर्डीला, बऱ्याचजणी त्याच खराडी-वाघोलीत. त्यांचे फोन नंबर आम्ही त्यांच्या भावांकडे मागितले, भावांनी "कशाला पाहिजे?" विचारले, प्रकरण तिथेच थांबले. दोन वर्षांनी आम्हाला पत्ता लागला की खराडीत आमच्या कॉलेजच्या बावीस मुलींची भिशी आधीपासून चालू आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकीच्या घरी जमतात. घटना नाही, शिक्का नाही, अध्यक्ष नाही. चिठ्ठी निघते, पैसे मिळतात, पुढच्या महिन्याचे घर ठरते. एकीच्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तिची चिठ्ठी सर्वानुमते आधी काढली गेली. याचा ठराव कुठेही नोंदलेला नाही. आम्ही त्यांना आमच्या शाखेत महिला आघाडी म्हणून विलीन होण्याचे रीतसर पत्र दिले. त्यांनी उलट निरोप पाठवला: "तुम्हीच भिशीत या. हप्ता वेळेवर लागतो." पुरुषांपैकी कुणाची हिंमत झालेली नाही.

मेळावा दिवाळीच्या पाडव्याला ठरतो, कारण तेव्हाच सगळे गावात असतात. सगळे असतात म्हणूनच कुणी येऊ शकत नाही. कुणाला बहीण आणायला जायचे, कुणाची वाटणी व्हायची, कुणाचा कापूस वेचायला बाई मिळालेली. दहाचा कार्यक्रम साडेबाराला सुरू होतो. क्रांती चौकातल्या फ्लेक्सवर चाळीस चेहरे असतात आणि मांडवात चाळीस माणसे असतात; तीच ती. वृद्ध सरांना शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. सर उभे राहून म्हणतात, "तुम्ही सगळे माझे आवडते विद्यार्थी." मग समोर बघून एकेकाला ओळखायचा प्रयत्न करतात आणि फक्त त्याला ओळखतात, ज्याला त्यांनी कॉपी करताना पकडले होते. सत्कार संपेपर्यंत दोन वाजतात. शाखानिहाय अहवाल वाचन सुरू होते आणि मांडवामागे जेवणाची भांडी वाजू लागतात. त्या क्षणी मांडवात लग्नातल्या अक्षता पडल्यानंतरची हालचाल सुरू होते. मराठवाडा विभागाचा अहवाल आजवर पूर्ण वाचला गेलेला नाही.

संघाचा खरा कारभार या मांडवात नाही, तो फोनवर आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला पूर्वी शंभर माणसांची मर्यादा होती, २०१६ साली ती दोनशे छप्पन्न झाली, २०२२ साली एक हजार चोवीस. मर्यादा वाढली तशी शिस्त गेली. आता सकाळी सहाला गुलाबाची फुले, सातला वाढदिवस, आठला 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच श्रद्धांजलीखाली कुणाचा तरी चुकून अंगठा. पण कधी रात्री दोन वाजता एक संदेश येतो: 'बोधेगावहून पेशंट निघालाय, पुण्यात ससूनला नेतोय, बी निगेटिव्ह पाहिजे.' तेव्हा अध्यक्षांचा फोन बंद असतो. ते स्वभावाने वाईट नाहीत, झोपलेले असतात. कार्याध्यक्ष 'कृपया मदत करावी' लिहून हात जोडल्याची खूण टाकतात. आणि पंचवीस मिनिटांत ससूनच्या दारात जो उभा असतो तो हमखास नगर रोडवरचा असतो, चंदननगरात गाळा असलेला, बोधेगावच्या गाडीचा. रक्त देतो, पेशंटच्या भावाला खोलीची किल्ली देतो आणि सकाळी त्याची बायको डबा पाठवते. हा माणूस आमच्या कागदोपत्री कोण, म्हणून मी एकदा रजिस्टर उघडून बघितले. पहिल्या बैठकीला गैरहजर राहिलेल्या दोन सदस्यांपैकी तो एक आहे. त्या दिवशी तो का आला नव्हता ते विचारले, तर म्हणाला, "गावाकडून एकजण आला होता, त्याच्यासाठी खोली बघत होतो."

त्याला अध्यक्ष करावे असा ठराव मी मांडला होता. ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्याने नकार दिला. कारण विचारले तर त्याने हातातला फोन दाखवला. सातारा रोडला एका पोरीला होस्टेलवर सोडायचे होते.

तेव्हा हा लेख वाचणारे कुणी शेवगाव तालुक्यातले असतील आणि पुण्यात, संभाजीनगरात, मुंबईत किंवा थेट टेक्सासात राहत असतील, तर त्यांनी आपले नाव, बॅच, रक्तगट आणि कोणत्या गाडीचा डबा येत होता ते आपापल्या शाखेला कळवावे. वर्षाची वर्गणी पाचशे रुपये आहे, पावती मिळते. पदे सगळी भरलेली आहेत. सदस्याच्या जागा रिकाम्या आहेत.